पट्ट्या गेल्या कुठी

माह्यावर कोणाचाच विश्वास बसला नाई. चिमूरकडच्या जंगलातल्या पन्नास किलोमीटरच्या शर्यतीतून मी अर्ध्यातूनच परत आली. म्हणलं, झाडावरच्या खुणेच्या लाल पट्ट्याच गायब हायेत. तर आयोजक म्हणते, "बाई, दम लागला म्हणून सांगा नं."

दम कायचा? मी सगळ्यात मागं होती, पण जाताना पट्ट्या बरोबर दिसत होत्या. मंग माही मैतरीण वनिता पंचवीस किलोमीटरच्या टोकाले वळसा घालून त्याच वाटेनं परत येताना भेटली, "चाल वं लवकर" म्हणून हासत गेली. तिथून पुढं एक पट्टी नाई. मागं फिरली तर मागच्याबी नाई. पुन्हापुन्हा एकाच मोहाच्या झाडापाशी येऊन राह्यली मी. वाटलं, आपलं डोकंच फिरलं. शेवटी मोह वेचणाऱ्या एका बाईनं रस्ता दाखवला.

"मंग पट्ट्या का वांदरानं नेल्या?" आयोजक म्हणे. "तुमाले बाद करा लागते."

तेवढ्यात बाजूले बसलेल्या वनितानं कमरेच्या पिशवीतून लाल पट्ट्यांचा गोळा काढला.

"हे घ्या भाऊ. सरावाले आमीच बांधतो, परतताना आमीच सोडतो, आजबी सवयीनं सोडल्या. नाईतर गाईच्या पोटात जाते."

आयोजक कधी गोळ्याकडं पाहे, कधी माह्याकडं. "आता बाद कोणाले करू?"

मी म्हणलं, "वनिताले."