पांढऱ्या झाकणाची बाटली

(इंदूर, १९९६. संध्याकाळ. स्वयंपाकघरात अरुंधती आणि तिची आई कुमुदिनी.)

अरुंधती : मग बाटली गेली कुठे, आई? पांढऱ्या झाकणाची. माझ्या लॅबच्या बॅगेत होती.

कुमुदिनी : मोरीत ओतली.

अरुंधती : सगळी?

कुमुदिनी : अर्धी. अर्धी तुझ्या बाबांच्या दुधात टाकली होती.

अरुंधती : प्यायले ते? आई, सच सांग.

कुमुदिनी : नाही. एक घोटसुद्धा नाही. ते दूधही मोरीतच गेलं.

अरुंधती : का केलंस असं?

कुमुदिनी : तूच तुझ्या लॅबमधल्या सुजयला फोनवर सांगत होतीस. नळीत जस्त, तांबं टाकलं की ते प्रोटीन गोळा होतं, बाबांसारख्यांच्या डोक्यात होतं तसं. आणि त्या बाटलीतलं पाणी घातलं की धातू खेचला जातो, गोळे सुटतात. मी दारात उभी होते.

अरुंधती : नळीत सुटतात गं. नळीला हार्ट नसतं. शरीरात गेलं तर हे फक्त तांबंच शोधून काढेल थोडंच? रक्तातलं कॅल्शियमही ओढेल. जीव गेला असता त्यांचा.

कुमुदिनी : मला काय ठाऊक. तीन वर्षं झाली या आजाराला. ॲल्युमिनियमची भांडी घरातून काढली, तांब्याचा लोटा काढला, खजराण्याच्या गणपतीला पायी जाऊन आले. तुझ्या बाबांची मिल बंद पडली तेव्हा सगळे म्हणत, लक्ष्मीकांतजींना धक्का बसलाय, ठीक होतील. रंगखात्यातले बाकीचे सावरले, कोणी पोह्यांचा ठेला लावला. हे मात्र टिफिन घेऊन रोज बंद गेटसमोर उभे. डॉक्टरसाब अल्झायमर म्हणाले तेव्हा मला तर बरंच वाटलं. नाव आहे मतलब दवाही असेल.

अरुंधती : दवा नाहीये. धातू त्या प्रोटीनला नेमका कुठे चिकटतो, बस तेवढं मी शोधतेय. त्यातच चार-पाच वर्षं जातील. दवा त्याच्याही पुढे.

कुमुदिनी : म्हणजे यांच्यासाठी नाही.

अरुंधती : नाही. रोज लॅबचं कुलूप उघडताना मला माहीत असतं.

कुमुदिनी : तरी जातेस.

अरुंधती : घरी बसले तर मीही एक दिवस तेच करेन, जे तू आज केलंस. पण मग थांबवलं कोणी तुला? शेजारच्या प्रेमलताकाकू आल्या होत्या का?

कुमुदिनी : कोणी नाही. ग्लास मी तुझ्या बाबांच्या हातात दिला होता. त्यांनी तो स्टुलावर ठेवला आणि हात जोडले. म्हणाले, बाईजी, राग मानू नका, अनोळखी घरी मी काही घेत नाही.

अरुंधती : तुला म्हणाले?

कुमुदिनी : हां. आजवर कधी असं झालं नव्हतं. मग इकडे-तिकडे बघत अगदी अदबीनं विचारलं, तुमचे मिस्टर दिसत नाहीत?

अरुंधती : काय सांगितलंस?

कुमुदिनी : म्हटलं, मिलमध्ये गेलेत. येतीलच इतक्यात.