थोरलीला पाणी

आत्या : हीसुद्धा गेली?

लेक : हात लावू नकोस आत्या, बोट आत जाईल.

आत्या : ई! गेलंच की. शी, काय हा वास! वरून तर चांगली हिरवीगार दिसत होती.

लेक : निवडुंग वरून शेवटपर्यंत हिरवंच दिसतं. सड मुळाशी लागते आणि आतल्या आत वर चढते. आपल्याला कळेपर्यंत सगळा चिखल झालेला असतो. ती बादली सरकव इकडे.

आत्या : अख्खी रांग गेली म्हणजे.

लेक : मागची रांग त्याआधीच गेली. आता हळहळायचंसुद्धा सोडून दिलंय मी. कुंडी उचलायची, रिकामी करायची, धुऊन पालथी घालायची.

आत्या : आणि दादा अजून रोज पाणी घालतो?

लेक : रोज नाही गं, बाबांचं दिवसभर चालतं. पाणी घालतात, झारी ठेवतात, घरात येऊन हात पुसतात, खुर्चीत बसतात. मग एकदम दचकून उठतात. ‘अगं, झाडांना पाणी घालायचं राहिलं!’ की निघाले परत.

आत्या : ज्यानं जन्मभर लोकांना बजावलं, त्यानंच? आठवतं ना, त्या समोरच्या बाईंनी कुंडीत तांब्याभर पाणी ओतलं, तर हा त्यांच्या दारात जाऊन भांडून आला होता.

लेक : ‘बाई, याचं पोटच पाण्याची टाकी आहे, तुम्ही वरून कशाला ओतता?’ सगळी गल्ली गोळा झाली होती. मला शाळेत तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती.

आत्या : मग नळच बंद करून टाक की.

लेक : केला. तर स्वयंपाकघरातून पेल्यानं पाणी आणायला लागले. एकेक पेला, सांडत सांडत. त्यात पाय घसरून पडले. नळ परत सुरू केला मी.

आत्या : साधी झाडं आणून दे मग. त्यांना घालू दे हवं तेवढं.

लेक : तेही केलं. चांगली फुलझाडं आणली, इथंच दाराशी मांडली. ‘माझ्या काचघरात हा पाला कुणी आणला?’ म्हणून सगळ्या कुंड्या बाहेर काढायला लावल्या. कुणाला? मलाच.

आत्या : हसू नये, पण हसू येतं बघ.

लेक : हस की. मीही हसले. नंतर रडायचं होतं, पण तेवढ्यात ते झारी घेऊन निघाले, त्यांच्यामागे धावण्यात ते राहूनच गेलं.

आत्या : हे बघ, मी उद्या माझ्या घरी जाणार. जायच्या आधी स्पष्ट सांगते. काचघराला कुलूप घाल आणि किल्ली काढून घे त्याच्याकडून. मूग गिळून बसलीस तर एक झाड उरायचं नाही.

लेक : किल्ली गळ्यात असते त्यांच्या. दोरीत ओवलेली. आंघोळीलासुद्धा काढत नाहीत.

आत्या : झोपल्यावर काढायची.

लेक : काढली होती एकदा. सकाळी उठले, हात छातीवर गेला. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. काही नाही. गुपचूप इथं आले, पायरीवर बसले आणि काचेला कपाळ टेकवून आत बघत राहिले. मी चहा घेऊन गेले तर मला विचारतात, ‘मी इथून काही चोरलं होतं का हो? मला का काढलं?’

आत्या : अगं बाई.

लेक : दिली परत. माझ्या हातानं गळ्यात घातली.

आत्या : अगं, पण पोटापाण्याचं काय? तू खाणार काय, त्याला घालणार काय?

लेक : ही कुंड्यांतली गेली तर जाऊ देत, पुन्हा करता येतील. हे जुनं झाड, आपली थोरली, तेवढी वाचायला हवी होती.

आत्या : थोरलीला काय धाड भरलीय? तुझ्याहून उंच झालीय की ती.

लेक : मघाशी काठी टेकवून बघितली तिला. बुंधा दबला.

आत्या : काय सांगतेस!

लेक : बाजारात ते लाल-पिवळ्या डोक्याचे निवडुंग असतात ना, पोरं हट्ट करतात ज्यांच्यासाठी? त्यांतला एकही स्वतःच्या पायावर उभा नसतो. त्या लाल गोळ्यात हिरवेपणाच नाही, त्यामुळे उन्हातून स्वतःचं अन्न करता येत नाही त्याला. खाली हिरवा दांडा जोडलेला असतो, तो कमावतो. वरचा नुसता बसून खातो.

आत्या : तुझ्या भावासारखा.

लेक : आत्या!

आत्या : बरं, राहिलं. पुढं बोल.

लेक : ते हिरवे दांडे सगळे थोरलीचे. तिला फुटवे येतात, ते कापायचे आणि त्यांच्यावर कलम बांधायचं. दुसरी झाडं वापरून बघितली बाबांनी. वरचा गोळा वाढतो आणि खालचा दांडा पिचून जातो. हिचाच तेवढा टिकतो. ही गेली की कलमं संपली, मग रोपवाटिकेत विकायचं काय?

आत्या : कुंपणाचं फड्या निवडुंग आहे की. त्याची बोंडं नेतो ना तो सरबतवाला? आणि पानं नेतात गोठेवाले, गुरांना घालायला.

लेक : बोंडं हंगामापुरती. आणि ती पानं नाहीत, खोडं आहेत. बाबांसमोर पानं म्हणू नकोस, तासभर सुटका व्हायची नाही. काटे जाळून द्यावे लागतात, माझे हात भाजून निघतात, आणि त्यातून घर चालेल एवढं काही येत नाही.

आत्या : मग तर आजच घे किल्ली.

लेक : कळतंय मला. हात पुढं होत नाही.

आत्या : त्यात एवढं काय? बाप आहे, आजारी आहे, त्याच्याच भल्यासाठी घ्यायची.

लेक : घरात ते माझ्याशी बोलत नाहीत, आत्या. कोण बाई आहे अशा नजरेनं बघतात आणि भिंतीकडे तोंड करून बसतात. इथं आले की बोलतात. मला कामावर आलेली नवी मुलगी समजतात आणि शिकवतात. अगदी लहानपणी मला शिकवायचे तसंच. मी कुलूप लावलं की माझ्याशी बोलणारं माणूस संपलं. आणि ते मी माझ्या हातानं करायचं?

आत्या : ते खरं गं, पण उघडं ठेवशील तर तुला शिकवायलासुद्धा त्याला इथं काही उरायचं नाही, एवढं कळतं. थांब, आलाच बघ.

(बाबा आत येतात. हातात भरलेली झारी. बाही कोपरापर्यंत ओली.)

बाबा : दार सताड उघडं कुणी टाकलं? गार वारा शिरतो.

आत्या : मी आहे, दादा.

बाबा : तू कधी आलीस?

आत्या : सकाळी चहा घेतला की आपण बरोबर.

बाबा : घेतला असेल. तुझी लहानपणापासूनची खोड, न सांगता यायचं. आणि ही कोण?

आत्या : अरे दादा, ही तुझी—

लेक : राहू दे, आत्या. मी कामावर आलेय. ती झारी खाली ठेवता का, बाबा? जड आहे.

बाबा : बाबा म्हणालीस ते बरं केलंस. इथं सगळे मला बाबाच म्हणतात. हा वास कसला येतोय?

लेक : सड लागलीय.

बाबा : कुणाला?

लेक : थोरलीला.

बाबा : सरक. बघू दे मला. हं. बुंधा मऊ पडलाय. आणि ही माती म्हणायची? हा तर गाळ आहे. कुणी घातलं एवढं पाणी?

आत्या : दादा, आता काय सांगायचं तुला...

लेक : मी घातलं.

बाबा : तू?

लेक : मला वाटलं, तहान लागली असेल.

बाबा : तहान! हे बघ पोरी, या झाडानं पाण्यापायी पानं सोडली. पानं ठेवली असती तर सगळं पाणी वाफ होऊन उडून गेलं असतं. म्हणून पानांचे काटे केले आणि पानांचं काम खोडावर टाकलं. दिवसा तोंड मिटून बसतं. रात्री गार झालं की मग हवा आत घेतं. या उभ्या घड्या दिसतात ना? पाऊस झाला की फुगायचं, नाही झाला की मिटायचं. एवढा खटाटोप कशासाठी? थोडक्यात भागावं म्हणून. आणि तू घेतलीस झारी!

लेक : चुकलं माझं.

बाबा : चुकलं ना? मग आता निस्तर. लांब सुरी आण, स्पिरिट आण, कापडाचा बोळा आण. आणि तुम्ही बाई, ते पोतं गुंडाळा थोरलीला आणि घट्ट धरा.

आत्या : बाई काय म्हणतोस, बहीण आहे मी तुझी! अरे, टोचतंय हे, पोत्यातून टोचतंय!

बाबा : टोचणारच. सोडू नकोस. कापतोय.

लेक : बाबा, मी कापू? तुमचा हात...

बाबा : माझ्या हाताला काय झालंय? धर. धर. आली. आता आडवी करा टेबलावर. हळू, म्हातारी आहे ती.

आत्या : झाली बाई एकदाची. माझ्या हातांची चाळण झाली. मी जाते, चहा टाकते. आणि मी काय सांगितलं ते लक्षात ठेव गं.

लेक : हो, आत्या.

बाबा : काय सांगितलं तिनं?

लेक : काही नाही. घरचं.

बाबा : इकडे ये. कापलेल्या तोंडाकडे बघ. काय दिसतं?

लेक : सगळं तपकिरी झालंय.

बाबा : मग हा तुकडा गेला. सुरी पूस. स्पिरिटनं पूस, नाहीतर आपणच सड पुढं नेऊ. आता वर चार बोटं सोडून काप.

लेक : इथं कडेला हिरवं आहे.

बाबा : कडेचं बघू नकोस. मधलं वर्तुळ बघ, सगळं पाणी त्यातून वर जातं. कसं आहे?

लेक : तपकिरी.

बाबा : पुन्हा. पूस आणि काप.

लेक : बाबा, फुटवे जाताहेत सगळे.

बाबा : काप.

लेक : आता बरंच स्वच्छ आहे. बघा ना, एवढासा ठिपका उरलाय फक्त. एवढा राहू द्या.

बाबा : एवढा ठिपका महिनाभरात पुन्हा वरपर्यंत जाईल. तुझा हात का थांबतो?

लेक : केवढी होती ती. कापून कापून काही उरणारच नाही असं वाटतं.

बाबा : तुला तिची दया येतेय. येऊ दे, पण हात थांबवू नकोस. काप.

लेक : कापलं.

बाबा : बघ.

लेक : पांढरं आहे. मधलं वर्तुळसुद्धा. बाबा, एकही डाग नाही!

बाबा : किती उरली?

लेक : हातभर.

बाबा : पुष्कळ झाली. मी आणली तेव्हा वीतभर होती. कडा तिरक्या तास, तोंडाला गंधकाची भुकटी लाव आणि सावलीत उभी टांगून ठेव. आडवी ठेवलीस तर पोटातून मुळं फोडेल. खपली धरली की कोरड्या वाळूवर बसवायची. मुळं तिची ती काढेल.

लेक : आणि पाणी?

बाबा : मुळं आल्याखेरीज थेंब नाही. तोवर पोटातलं पुरतं तिला. तू घाई करू नकोस. बाकी, एक सांग. खरं सांग.

लेक : काय?

बाबा : हे तू नाही केलंस.

लेक : मीच केलं, बाबा.

बाबा : इतकं खोलवर एका चुकीनं सडत नाही. इथं कुणीतरी सारखं पाणी घालतंय. या रांगा बघ, सगळ्या रिकाम्या. इथं चाळीसेक जाती होत्या.

लेक : तुम्ही बसा जरा. उभे राहून दमलात.

बाबा : माझी बाही ओली का आहे?

लेक : झारी आणलीत ना मघाशी. सांडलं असेल.

बाबा : मी आणली?

लेक : बसा, बाबा. आत्या चहा आणतेय.

बाबा : हं. बसतो. ही दोरी काढ गळ्यातली. माझ्या कानाला अडकते, मागून काढ.

लेक : मी काढू?

बाबा : काढ म्हणतोय ना. निघाली? ही किल्ली माझ्या मुलीला नेऊन दे.

लेक : तुमच्या मुलीला?

बाबा : घरात असेल. झोपली असेल तर उठवू नकोस. फार दमते हल्ली. बोलत नाही, पण चेहऱ्यावर दिसतं.

लेक : काय सांगू तिला?

बाबा : काचघर बंद ठेव म्हणावं. कुणालाही उघडून द्यायचं नाही.

लेक : आणि तो पाणी घालणारा आला तर?

बाबा : येणारच तो. दारात बसेल. काहीबाही बोलेल, रडेलसुद्धा. त्याच्यावर ओरडायचं नाही, पण किल्ली द्यायची नाही.

लेक : तिला नाही जमणार ते, बाबा.

बाबा : माहितीये मला. लगेच विरघळते. म्हणून तर तुझ्या हाती पाठवतोय. तू शहाणी दिसतेस, नीट सांगशील.

लेक : सांगते.

बाबा : म्हणावं, किल्ली मी दिलीय. तिनं घेतलेली नाही.