मला आनंदच आहे!

नाही, पण मी म्हणतो, काका कशाला म्हणायचं? पंचेचाळीस म्हणजे काय म्हातारपण झालं का हो? आणि तेही सगळ्यांदेखत, स्टुडिओत, माइक चालू असताना! 'काका, जरा पुढे या ना...' अरे, दादा म्हण! सर म्हण! पण नाही, काका! तरी तुम्हाला सांगतो, मला त्या पोराचा राग नाही. त्याचं गाणं सगळीकडे वाजतंय, मला आनंदच आहे!

तुम्ही ऐकलंच असेल. न ऐकून जाताय कुठे? जिममध्ये तेच, सलूनमध्ये तेच, आमच्या लिफ्टमध्येसुद्धा तेच! 'वरच्या मजल्यावर राहतो माझा राजा...' पोरगा गातोय, पोरासाठी गातोय, आणि मुलाखतीत सरळ सांगतोय, 'हो, मी गे आहे, हे गाणं माझ्या बॉयफ्रेंडसाठी आहे.' मग काय झालं? आभाळ कोसळलं? छे! लोक म्हणाले, अगं बाई, किती गोड! आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी... मी ज्याच्याबरोबर इतकी वर्षं संसार करतोय आणि जगासमोर ज्याला रूम पार्टनर म्हणतो, त्याला आणि मला जिन्यात गाठून 'काय, लग्नाचं काय ठरलं?' म्हणून ज्यांनी पिडलं, तेच सेक्रेटरी आता त्या गाण्याची रिंगटोन लावून फिरतायत! जळतोय कोण? मी? मला आनंदच आहे!

आता माझं काम काय, तर मी कोरसमध्ये गातो. म्हणजे पुढे मुख्य गायक 'आ' करतो आणि मागून आम्ही सहा-सात जण 'ऊ' करतो, ते. त्यात नियम एकच, आपला आवाज ओळखू येता कामा नये. कुणाचा वेगळा निघाला की काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट ओरडतो, 'कोण आहे तो? मागे सरका!' की तो माणूस सरकला दाराकडे. मी कधी सरकलो नाही. मी असा मिसळतो, असा मिसळतो, की माझ्या आईला गाणं ऐकवलं तर तिला त्यात मी सापडत नाही! आणि मनात काय म्हणायचो, सांगू? म्हणायचो, आपल्याला कोण पुढे येऊ देणार! आपण हे असे. नाव झालं की लोक खोदणार, कळलं की खेळ खलास. त्यापेक्षा मागे बरे. काय झकास कारण होतं हो! रोज रात्री उशाला घेऊन झोपायचो मी ते कारण! आणि मग हा आला. माझ्यासारखाच. न लपवता! आणि गेला की हो पुढे! आता त्या कारणाचं मी काय करू?

तर गेल्या आठवड्यात त्याच्या नव्या गाण्याला कोरससाठी आम्हाला बोलावलं. आला, सगळ्यांशी हात मिळवला, आणि बॉयफ्रेंड बरोबर! डबा मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसलेला, उघड उघड! आमचा मला स्कूटरवरून सोडतो ना, तो गल्लीच्या तोंडाशी. पुढे मी चालत येतो, कुणी बघायला नको म्हणून. त्या डब्याकडे बघून माझा असा जळफळाट झाला... म्हणजे आनंद झाला. आणि त्या आनंदाच्या भरात आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज वेगळा निघाला! रेकॉर्डिस्ट ओरडला, 'मागे कोण एवढं प्रेमात पडलंय? सरका दाराकडे!' तर पोरगा म्हणतो, 'नाही नाही, काय आवाज आहे! काका, जरा पुढे या ना... "तुझा म्हणून हाक मार मला", ही ओळ तुम्ही एकट्यानं गा.' एकट्यानं! मुख्य माइकवर! वर गाण्यावर नाव येणार!

गेलो. वीस वर्षं ज्याची वाट बघितली तो माइक नाकासमोर. लाल दिवा लागला. आणि तुम्हाला सांगतो... मी मिसळलो! कुणात? शेजारी कुणी नव्हतं हो! तरी मिसळलो. सवयच ती. रेकॉर्डिस्ट म्हणतो, 'मोकळं गा.' मी म्हणतो, मोकळंच गातोय. पोरगा म्हणतो, 'काका, तुमच्या माणसाला सांगताय असं समजा.' झाली पंचाईत! माझ्या माणसाला चार लोकांत मी कधी नावानं हाक मारलेली नाही! पुन्हा गायलो, तर आवाज आणखी बारीक. शेवटी रेकॉर्डिस्टनं तीच ओळ माझ्याकडून पाच-सहा वेळा गाऊन घेतली, सगळे आवाज एकावर एक ठेवले आणि म्हणाला, 'चला, छान कोरस झाला.' एकट्या माणसाचा कोरस! हसताय काय? मला रडू आलं हो. बाथरूममध्ये जाऊन रडलो.

आणि तशात संध्याकाळी आईकडे गेलो, तर टीव्हीवर कोण? तोच! बक्षीस घेतोय आणि म्हणतोय, 'आमच्या आधी ज्यांनी सोसलं, त्यांचे आभार.' आधी म्हणजे कोण, मीच ना? आणि आई डोळे पुसतेय, त्याच्यासाठी! माझा तोलच गेला. म्हटलं, 'आई, मी पण गे आहे! आणि तो रूम पार्टनर नाहीये!'

आईनं टीव्हीचा आवाजसुद्धा कमी केला नाही.

'मला कधीचं ठाऊक आहे,' म्हणाली. आमचा कवळ्या बनवतो, दातांच्या. तर म्हणते, 'ही माझी कवळी त्यानं तीनदा घासून बसवून दिली, जरा टोचते म्हटलं तर धावत आला. रूम पार्टनरच्या आईसाठी कोण करतं रे एवढं? पण तू बोलेनास, मग मी कशी बोलू? मला आपलं वाटायचं, पोर बिचारं त्यापायीच मागे राहिलं.'

मग तिनं टीव्हीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

'पण मग हा कसा रे पुढे गेला?'

तर आता आईला माहीत आहे. आमचाही मला थेट स्टुडिओच्या दारात सोडतो, वर हात करून 'नीट गा रे' म्हणतो, सगळ्यांदेखत. चांगलंच झालं, मला आनंदच आहे! फक्त... या वयात आता रियाज करावा लागणार हो!