आहेरातली सुई

“सुई बी त्याच घरची अन् सून बी त्याच घरची... गुण कशाचाच न्हाई!”

हे गोजरआक्का बोलल्या. गोजरआक्का म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. माजघरात आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, कानाशी लागून बोलल्या, आणि आपण हळू बोललो असं त्यांना वाटलं, आणि मी भिंतीपलीकडे न्हाणीत, पौषातल्या गार पाण्यात मामंजींचं धोतर पिळत उभी. आता तुम्ही म्हणाल, नव्या नवरीला भडभडून आलं असेल... तुम्हाला सांगते, मला काही वाटलं नाही. हात इतके बधिर झाले होते की मी धोतराला पिळतेय का धोतर मला, तेच कळेना.

सुई म्हणजे शिवणाची नव्हे हो. फ्लूच्या लशीची.

माझे दादा, म्हणजे माझे वडील, भिंगारला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर. जन्म गेला लाल औषध हलवण्यात आणि बाटलीला कागदाची पट्टी चिकटवण्यात. तर माझ्या लग्नाची बैठक बसलेली, मानपानाची बोलणी चाललेली, व्याह्याला काय, विहिणीला काय, मानाचे फेटे किती, आणि मध्येच मामंजींना खोकल्याची जी उबळ आली ती थांबेचना. दादांचं फेट्यांवरचं लक्षच उडालं. विचारलं, तर कळलं की मागल्या थंडीत मामंजी फ्लूनं असे आडवे झाले होते की पैठणहून आणून ठेवलेलं गंगेचं पाणी चमच्यानं तोंडात घालून झालं होतं, पाहुण्यांना निरोपसुद्धा गेले होते! दादा म्हणाले, “आबासाहेब, धोतरजोडी देतो ती देतोच. पण तुम्हा दोघांना एकेक सुईसुद्धा देतो. मुंबईहून मागवतो.”

कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं, “सोन्याची का?”

मी आत पोह्यांना फोडणी देत होते. मला काही वाटलं नाही.

लग्नाला दादा नगरहून बर्फ घेऊन आले, भुशात घातलेला, पोत्यात बांधलेला, त्यात थर्मास आणि थर्मासमध्ये दोन चिमुकल्या बाटल्या. वऱ्हाडाला वाटलं सरबत आहे! भर मार्गशीर्षात, दात वाजताहेत आणि मंडळी पेले घेऊन रांगेत! दादा पोत्यावर बसून राहिले, अक्षता टाकायलासुद्धा उठायला तयार नाहीत... मुलीच्या बापानं लेकीला सोडून बर्फ राखावा, असं लग्न तुम्ही पाहिलंय का कुठं? व्याहीभेट झाली, गळ्यात गळा पडला, आणि गळ्यातला हात काढायच्या आत दादांनी मामंजींची बाही वर सारली. बँडवाल्यांना वाटलं काही मानाचं चाललंय, त्यांनी वाजवायला घेतलं, आणि त्या वाजंत्रीत मामंजींच्या दंडात सुई गेली. मामंजी बिचारे म्हणाले, “बरं वाटलं.”

राहिल्या आत्याबाई. “अगं बया! भरल्या मांडवात मी दंड उघडा करू? ठिवा तितं. उद्या घीन सावकाश.” दादांनी हात जोडून सांगितलं की विहीणबाई, बर्फात ठेवा, उद्या सकाळीच गावातल्या डॉक्टरांकडून टोचून घ्या, ही बाटली ऊब सोसत नाही. “व्हय, व्हय,” आत्याबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दादांनी विचारलं तेव्हाही म्हणाल्या, “व्हय, व्हय, झालं की!” झालंच असणार. विहिणीला दंड दाखवा म्हणायची सोय असते का हो?

आता ह्या घरची एक रीत सांगते. इथं आलेला आहेर वापरत नाहीत. आला की पेटीत जातो आणि पेटीतून पुढच्या लग्नाला जातो. माझ्या माहेरचं टॉवेल-टोपी आठवड्याच्या आत मी एका चुलतदिराच्या डोक्यावर आणि खांद्यावर ओळखलं. आईनं हौसेनं दिलेलं पातळ तर शेवगावला एका बारशाला मलाच भेटलं, दुसऱ्याच बाईच्या अंगावर. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, मी आणि पातळानं. मला काही वाटलं नाही.

मग पौषात साथ आली. मळ्यातून, बाजारातून, एसटीतून, कुठून आली कोण जाणे, पण घरात एकेक करून सगळी झोपली. पहिले मामंजी! झालं. बघायला येणाऱ्यांची रीघ. मागल्या वर्षी निरोप गेलेले तेच पाहुणे, तीच घोंगडी, तोच चहा. “सुई घ्येतली हुती न्हवं? तरीबी ताप आलाच?” गोजरआक्का पाथर्डीकडून भावाला बघायला आल्या त्या राहिल्याच, आणि दारातच म्हणाल्या, “तरी म्या म्हनत हुते!” काय म्हणत होत्या, ते कुणी विचारलं नाही. आणि गंमत बघा, हे सगळं मामंजींच्या उशाशी चाललेलं, आणि मामंजी उठून बसून भाकरी मागताहेत! आठवडी बाजाराच्या आत मामंजी बैलांना वैरण टाकत होते. मागल्या वर्षी ह्याच माणसाला चमच्यानं गंगा पाजली होती, ही आठवण एकालाही नाही.

मग आत्याबाई पडल्या. त्या मात्र जोरात पडल्या. छातीत घरघर, डोळे वर, दिवस उजाडतोय आणि मावळतोय आणि मी कपाळावरची घडी बदलतेय, पेज भरवतेय, शेक देतेय. जो येतो तो म्हणतो, दोघांनी सुई घेतली, दोघांना ताप! आमचे हे, एरवी तोंडातून शब्द न काढणारा माणूस, मला म्हणाले, “तुझ्या दादांना सांग, पुढचा प्रयोग दुसऱ्या व्याह्यावर करा.”

दादा भेटायला आले. ओसरीवर बसले, सवयीनं थर्मास काखेत, रिकामाच. सांगायला लागले की म्हाताऱ्या अंगात लस तरण्या अंगाएवढी भिनत नाही, जुन्या बैलाला नवी वाट कळायला वेळ लागतो, कुणाकुणाला ताप यायचाच, पण सुई असली तर आलेला ताप सहसा माणूस घेऊन जात नाही...

“म्हंजी न्हाई आला तरी तुमचंच खरं,” गोजरआक्का म्हणाल्या, “अन् आला तरी बी तुमचंच खरं?”

ओसरी खो खो हसली. आता तुम्हीच सांगा, जे घडलं नाही ते दाखवायचं कसं? न मेलेला माणूस गोठ्यात बैलांना कुरवाळत होता, त्याच्याकडे बोट दाखवून चाललं असतं, पण व्याह्याकडे बोट कसं दाखवायचं? दादांनी अर्धा चहा बशीत तसाच ठेवला. निघताना मला म्हणाले, “माझंच काही चुकलं असेल पोरी. बर्फ कमी पडला असेल वाटेत. तुमच्या गावातल्या आणखी दोन म्हाताऱ्यांसाठी मागवणार होतो, नको म्हणून कळवतो.” आणि गेले. मला काही वाटलं नाही. मी बशी विसळली.

आत्याबाई हळूहळू उठल्या. गोजरआक्कांना जायचे वेध लागले. आता नणंद काय मोकळ्या हातानं जाते? आत्याबाई भिंत धरत आल्या, म्हणाल्या, “पेटी उघड गं.” उघडली. डांबरगोळ्यांचा भपकारा. पातळं, उपरणी, टोप्या, सगळं एका घरातून दुसऱ्या घरात जायला टपलेलं. तळाशी खणाची घडी, आणि घडीत, हळदीकुंकवाची बोटं लागलेली, झाकण जसंच्या तसं... ती चिमुकली बाटली.

“वन्सं,” आत्याबाई म्हणाल्या, “कुनाला बोलू नका. म्या न्हाई घ्येतली. चांगली वस्तू, आपल्यावर कशाला खर्ची घालायची? तुमच्यासाठी ठिवली. थेट मुंबईची हाय. जाताना डाक्टरकडनं टोचून घ्या.”

मला वाटलं, आता गोजरआक्का उसळतील. ज्या सुईला गुण नाही, जिच्यापायी घर झोपलं, जिच्या नावानं महिना गाजवला...

“मुंबईची?” गोजरआक्का म्हणाल्या, आणि पदर पसरला. “आन हिकडं. घरात आलेली वस्तू वाया कशाला घालवायची?”

मला काही वाटलं... नाही, खरं सांगते, ह्या वेळी वाटलं. हाताला मुंग्या याव्यात तसं, बोटांपासून वर वर वाटत गेलं. मी वाकले आणि पदरात पडलेली बाटली उचलून घेतली. दिलेला आहेर सुनेनं परत घेतला! दोघींची तोंडं उघडीच. बाहेरून मामंजींनी विचारलं, “काय झालं गं?” आणि लग्न झाल्यापासून ह्या घरात ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी पहिल्यांदाच बोलले:

“काही नाही मामंजी, ही पेटीच्या उबेत नासली, आता कुणाला टोचायची नाही. पण माझ्या दादांच्या सुईला गुण नाही असं इथून पुढं कुणी म्हणू नका. घरात सगळ्यांना ताप आला... पेटीला कुठं आला?”