एका चाकाचा अर्ज

वहीत नोंद आहे म्हणून सांगतो. मे महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी नऊलाच ऊन भाजत होतं. माझी पुतणी स्वाती एकचाकी सायकल चालवते. साहसी खेळांच्या स्पर्धेत तिचं नाव नोंदवायला आम्ही तिसऱ्यांदा त्याच टेबलासमोर उभे होतो.

"काकाजी, हा सर्कशीतला खेळ हाय. स्पर्धेत कसा घेऊ?" संयोजक म्हणाले.

"काहून? स्केटबोर्डवाले पायऱ्यांवरून उड्या मारून राहिले, तेच मी एका चाकावर करते!" स्वाती म्हणाली.

"असं कर, जेवणाच्या सुट्टीत दाखव. पाहुण्यांची करमणूक होईन."

मी थकलो होतो. हो म्हणालो.

सुट्टीत स्वाती न पडता अकरा पायऱ्या उतरली. पहिलं बक्षीस सात पायऱ्या उतरलेल्या स्केटबोर्डवाल्याला मिळालं. स्वातीला शाल आणि श्रीफळ.