तेरा तासांचा कोट

लेक : बाबा, भिंतीवरच्या नकाशाला टेप लावून काय बघताय? गिऱ्हाईक आहे का तो?

शिंपी : छप्पन सेंटिमीटर भरलं. खाली लिहिलंय, सेंटिमीटरला अडीचशे किलोमीटर. म्हणजे चौदा हजार! आणि तुझ्या त्या तिकीटवाल्या बाई म्हणतात अकरा. मधले तीन हजार कुणी गिळले?

लेक : कुणी नाही. आपल्या विमानतळापासून तिथल्या विमानतळापर्यंत अकराच हजार आहे. तेरा तासांत पोचतं विमान.

शिंपी : चाळीस वर्षं टेप गळ्यात आहे माझ्या. माझं माप चुकत नाही.

लेक : बाबा, तिथल्या हॉस्पिटलला पाचच्या आत कळवायचंय, नर्स म्हणून येते की नाही. चार वाजून गेले.

शिंपी : मग नाही कळव. तुझी आई गेल्यापासून या घरात दोनच ताटं. त्यातलं एक चौदा हजारांवर...

लेक : अकरा.

शिंपी : घासाघीस करू नकोस.

लेक : बरं, हा माझा शाळेतला पृथ्वीगोल. माळ्यावरून काढलाय. दोऱ्याचं एक टोक इथं धरा, दुसरं तिथं. आता ताणा.

शिंपी : ताणला. अगं, हा तर सरकतोय! पार वर, बर्फाकडे.

लेक : सरकू द्या. विमानही तसंच जातं.

शिंपी : थांब, बोलू नकोस. (दोरा टेपवर धरतो.) बावीस.

लेक : गोलावर सेंटिमीटरला पाचशे.

शिंपी : बावीस पाचे एकशेदहा... अकरा हजार. हात्तिच्या! पोक आलेल्या माणसाची पाठ मी सपाट कापडावर मोजत बसलो की! दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर कान उपटला असता.

लेक : तुमचा उपटू?

शिंपी : उपट. पण तेरा तास ते तेरा तासच. मला काही झालं, तर तू येईपर्यंत...

लेक : म्हणून तर अजून हो म्हटलं नाही. मलाही भीती वाटते, बाबा. तुम्ही नको म्हणालात तर राहीन. रागावणारही नाही.

शिंपी : आज नाही रागावणार. पुढं रागावशील आणि मला कळूही देणार नाहीस. आईवर गेलीयस.

लेक : मग काय करू?

शिंपी : तेरा तासांत काय होतं, ठाऊक आहे? एक कोट होतो. कापडाला कात्री लावल्यापासून, जेवणखाण, चहापाणी धरून.

लेक : म्हणजे?

शिंपी : तुझं विमान उडालं की मी तुझा कोट बेतायला घेणार. तू बर्फावरून जाशील तेव्हा मी अस्तरावर असेन. तेवढा वेळ घर खायला उठणार नाही.

लेक : आणि मी उतरले की तुमचं शेवटचं बटण. मग कोट पाठवणार पोस्टानं?

शिंपी : छे! बाह्या कच्च्या टाक्यावर ठेवणार. ट्रायल घेतल्याशिवाय मी कुणाचा कोट पक्का केलाय? गिऱ्हाइकाला समोर यावंच लागतं.

लेक : येईन. वर्षाच्या आत येईन.

शिंपी : आधी हो कळव.

लेक : कळवलं.

शिंपी : आता इकडे ये, सरळ उभी राहा. आणि रडू नकोस गं, खांद्याचं माप चुकतं.