मांत्रिकाला शिव्या

कार्टूनचा सिनेमा सुटला आणि गडमुडशिंगीच्या आक्काताई केएमटी बसच्या थांब्यावर येऊन उभ्या राहिल्या. शेजारी एक बाई आपल्या लेकीची समजूत घालत होती. आक्काताईंचे कान तिकडंच लागले.

"रडू नको अदिती, मेला की तो मांत्रिक."

"तो परत येणार! हसला कसा, ऐकलंस ना?"

"मेल्याचा आवाजच तसला. गोड बोलून बोलून राजाचा दगड केला! काटा आला माझ्या अंगावर."

"खरंच काटा आला, ताई?" आक्काताईंना राहवलं नाही.

"हा बघा की, अजून आहे. कपटी, हलकट कुठला!"

"आनी?"

"आणि काय? तोंडात किडे पडोत त्याच्या!"

"तेवढं नगा म्हनू. बाकी काय बी बोला, त्येचं तोंड तेवढं वगळा."

"का हो मावशी?"

"मराठीत त्या मांत्रिकाला माझ्या पोरानं, प्रसेनजीतनं आवाज दिलाय. म्हशीला हाका मारून मारून कमावलाय त्येनं त्यो."

अदिती आईच्या पाठीमागं दडली. "म्हणजे तो खरंच परत येणार?"

"येनार की! ऐतवारी, मटन खायाला. तू बी ये. तुझ्याम्होरं हसायला लावते त्येला."